सगळं हाताशी

गुरुवार, २ जानेवारी २०२५

आले एकदाची. जवळा बाजारच्या मोंढ्यापासून अडीच किलोमीटर आत, तुरीच्या नि कापसाच्या रानात आमचा आखाडा, म्हणजे रानातलं घर आहे. चार दिवसांत आमचा म्हणायला लागले बघा. स्लॅबच्या तीन खोल्या, पुढं पत्र्याचं शेड, बाजूला शेळ्यांचा गोठा, मागं विहीर. गावात घर का नाही बांधलं असं मी येतानाच विचारलं, तर हे म्हणाले, आमाला रानच बरं वाटतं. मलाही बरं वाटलं. शेजारीण नाही म्हणजे शेजारणीच्या चौकशा नाहीत.

ह्यांचं नाव शिवहार. डायरीत एकदाच लिहून ठेवते. रविवारी नरसीला देवळात पंधरा माणसांत लग्न झालं. मुहूर्त नव्हताच, पण दुसऱ्या लग्नाचा मुहूर्त कोण बघतो. माझा पहिला नवरा ट्रकखाली गेला त्याला चार वर्षं झाली. ह्यांची पहिली बायको शिला नांदली नाही म्हणे, वारंगा फाट्याला भावाकडं निघून गेली. जास्त खोदून विचारलं नाही, तेवढी अक्कल आता आलीय मला.

घरात माणसं मोजकी. सासूबाई, म्हणजे सत्यभामाबाई. त्यांना आत्याबाई म्हणायचं ठरलं. धाकटे दीर मुंजाजी, बिनलग्नाचे, दिवसभर शेळ्यांच्या मागं. आणि आता मी आणि माझी संपदा. सहा वर्षांची आहे. भावाच्या घरी तिला सगळे संपे, हे उचल, संपे, तिकडं बस असं करायचे. इथं आत्याबाईंनी तिला आल्या आल्या मांडीवर घेतलं नि खारीक दिली. काल रात्री झोपताना तिनं पहिल्यांदाच विचारलं नाही की आई, आपण परत कधी जायचं. मला नवरा नसता मिळाला तरी चाललं असतं, लेकराला घर पाहिजे होतं. ते मिळालं. आता हे घर मी काही सोडत नाही.

फक्त स्वयंपाकघर बघून कपाळाला हात लावला. हळदीच्या डब्यात सुया, तिखटाच्या बरणीत शेंगदाणे, मिठाला झाकण नाही, उलथणं खिडकीत, झारा देव्हाऱ्याच्या मागं, लाटणं तर अंथरुणाच्या वळकटीत सापडलं. परभणीला मोठ्या दुकानात मी सहा वर्षं रॅक लावले आहेत. पसारा दिसला की माझं डोकं उठतं. कुठं काय ठेवलं ते रोज लिहायची सवय तिथंच लागली, म्हणून ही खताच्या दुकानातून ह्यांना फुकट मिळालेली डायरी मी आल्या आल्या ताब्यात घेतली.

शनिवार, ४ जानेवारी

दोन दिवस कंबर मोडून काम केलं. डाळी एका ओळीत, पीठं खाली, मसाले चुलीच्या डाव्या हाताला. प्रत्येक डब्यावर चिठ्ठी. आत्याबाईंना वाचता येत नाही म्हणून चिठ्ठीवर दाणेही चिकटवले, तुरीच्या डब्यावर तुरीचा, मुगाच्या डब्यावर मुगाचा. रोजची भांडी मांडणीवर, सणाची वर. उलथणं, झारा, सांडशी, चिमटा, लाटणं सगळं खिळ्यांना ओळीनं टांगलं. पाटा-वरवंटा ओट्याच्या कडेला घेतला, वाकायला नको. डोळे झाकून हात घातला तरी पाहिजे ती वस्तू सापडेल असं घर करून ठेवलंय. हे मी फुशारकीनं लिहीत नाही, खरंच करून पाहिलं. डोळ्यांना पदर बांधला आणि संपीनं नावं घेतली. दहापैकी दहा.

आत्याबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. कौतुक करतील वाटलं, पण तोंडावर काही उमटलं नाही. एवढं सोपं करू न्हाई बाई घर, असं काहीतरी पुटपुटल्या. जुन्या बायकांना कौतुक करायचं जिवावर येतं. मी मनावर घेतलं नाही.

एकच वस्तू सापडेना. विळी. भाजी चिरायची कशानं? विचारलं तर त्यांनी हाक मारून ह्यांना बोलावलं. हे शिडी लावून माळ्यावर चढले, पोत्यात गुंडाळलेली विळी काढली. पोत्याला सुतळीच्या सात गाठी. एकेक सोडली, विळी माझ्या हातात न देता जमिनीवर ठेवली आणि बाहेर निघून गेले. आत्याबाईंनी मला भिंतीकडं तोंड करून बसायला सांगितलं. चिरून झाल्यावर धुतली, पुन्हा पोतं, पुन्हा सात गाठी, पुन्हा माळा. दोन कांद्यांसाठी पाऊण तास.

मंगळवार, ७ जानेवारी

आता सगळा प्रकार कळला. म्हणजे काय करतात ते कळलं, काहून करतात ते कुणी सांगत नाही. या घरात धारेची वस्तू कुणी आपल्या हातानं घ्यायची नाही. दुसऱ्यानं काढून द्यायची. आणि कुठलीच वस्तू दुसरीजवळ ठेवायची नाही. विळी माळ्यावर. कुऱ्हाड लिंबाच्या झाडाला उंच दोरीनं बांधलेली. अडकित्ता आत्याबाईंच्या ट्रंकेत तीन कापडांखाली. विळे, खुरपी, कोयता आणि शेळ्यांचे केस कातरायची कातर मोटारीच्या खोलीत लोखंडी पेटीत, पेटीला कुलूप, आणि कुलपाची किल्ली अर्धा किलोमीटरवर ज्ञानबाकाकांच्या आखाड्यावर. काका एकटेच राहणारे म्हातारे गृहस्थ, ह्यांच्या वडिलांचे दोस्त. गवत कापायचं म्हटलं तरी आधी त्यांच्या दारात जाऊन उभं राहायचं. मुंजाजीभाऊजी रोज जातात. रोज. मला हसू आवरेना.

दुसरी गंमत. दुपारी अंगणात तूर वाळत घालत होतो. भाऊजी मधेच म्हणाले, झळ आली. झालं, तिघंही होते तिथं मटकन खाली बसले, दोन्ही हात काखेत खुपसले, डोळे मिटले. ह्या दिवसांत कसली झळ, अंगावर काटा येईल असा गारठा होता. मिनिटभरानं उठले आणि काही घडलंच नाही अशी तूर पसरायला लागले. आत्याबाईंना विचारलं तर म्हणे, सव्वा महिना होऊ दे, मग सांगते. तवर झळ आली म्हटलं की तूबी बसत जा. संपीला तो खेळच वाटला, दिवसभर हात काखेत घालून बसत होती.

देवाधर्माचं काही असेल तर असो बापडं. पण अशानं माणसाचा अर्धा जन्म गाठी सोडण्यात जाईल.

शनिवार, ११ जानेवारी

आत्याबाई नरसीला लेकीकडं गेल्या, जाताना दोन्ही हात शालीत गच्च बांधून घेतले, थंडी म्हणाल्या. ती बाळंतीण आहे, मंगळवारी संक्रांतीला परत येतील. सोमवारी भोगी. भोगीला किती भाज्या चिरायच्या असतात ते बाईलाच माहीत, आणि माझ्या हातात विळी नाही.

म्हणून आज मी हिंमत केली. खोटं बोलले ते आधी लिहून टाकते. ज्ञानबाकाकांकडं जाऊन म्हटलं, आत्याबाईंनी किल्ली मागितलीय. त्यांनी तीनदा विचारलं, सत्यभामानं सोताच्या तोंडानं सांगितलं का. तिन्ही वेळा मी व्हय म्हटलं. किल्ली पुढं करून म्हाताऱ्यानं दोनदा हात मागं घेतला. वयानं असेल.

हे आणि भाऊजी रानात असताना सगळं आणलं. कुऱ्हाडीच्या दोरीपायी झाडावर चढले, या वयात. शेडमध्ये प्लायवूडची जुनी फळी होती, ती स्वयंपाकघराच्या दाराजवळ भिंतीला ठोकली. नऊ वस्तू. विळी, अडकित्ता, दोन विळे, दोन खुरपी, कोयता, कातर, कुऱ्हाड. प्रत्येकीसाठी खिळे मारले आणि मार्करनं तिच्या कडेनं रेघ ओढून आकार काढला, म्हणजे कुठली वस्तू जागेवर नाही ते लांबून कळावं. गॅरेजवाले करतात तसं. संपीच्या हाताला लागू नये म्हणून फळी उंच लावली, एवढी काळजी मी घेतली.

मागं सरून बघितलं आणि मन भरून आलं. फोटो काढून दुकानातल्या गंगूताईला पाठवला. ती म्हणाली, तुझ्यासारखी सून मला मिळाली तर मी देवाला बोकड देईन.

रविवार, १२ जानेवारी

ह्यांनी काल रात्री फळी बघितली. ओरडतील असं वाटलं होतं. ओरडले नाहीत. तोंडावरचा रंग उडाला, दारातच खाली बसले. काढून टाक म्हणाले. मी म्हटलं, कारण सांगा, काढते. कारण सांगेनात. मग माझीही सटकली. घरात आणलं ते गाठी सोडायला का, मी इथं मोलकरीण आहे का, पहिली गेली ती याच पायी गेली का, असं बरंच बोलले. शिलाचं नाव घेतल्यावर त्यांनी मान खाली घातली. मला वाईट वाटलं. चांगला माणूस आहे, आवाज चढवत नाही. पण फळी मी काढली नाही. आई आल्यावर बघू, एवढंच म्हणून ते गोठ्यात जाऊन झोपले.

आज दिवस शांत गेला. गवार तोडली, वांगी आणली.

सोमवार, १३ जानेवारी, भोगी

लिहवत नाही. तरी लिहिते. लिहिल्याशिवाय डोक्यात नीट लागणार नाही.

सकाळी भाज्या अर्ध्या तासात चिरल्या. तीळ लावून बाजरीच्या भाकरी झाल्या. दहाच्या सुमाराला मुंजाजीभाऊजी पाणी प्यायला आले. मी तांब्या दिला. पाणी पीत पीत त्यांनी मानेमागं हात नेला, तिथं चटका बसल्यासारखा. तांब्या हातातून पडला. आणि त्यांनी फळीकडं न बघताच कुऱ्हाड काढली. हात थेट दांड्यावर गेला. मी काठवटीमागं सरकले. माझ्याकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही, बाहेर गेले.

गोठ्यात चांदी बांधलेली होती. गाभण शेळी, पंधरा दिवसांवर आलेली. तिच्या पाठीवर पहिला घाव घातला. ती उभीच्या उभी खाली बसली. मग मानेवर, मग पोटावर. मी मोजले नव्हते, संपीनं मोजले. ती गोठ्याच्या बांबूला धरून उभी होती. मला म्हणाली, अकरा. पोटातली दोन करडं बाहेर पडली, एक पाय हलवत होतं, त्याच्यावरही घाव घातला. सगळं एका मिनिटात. भाऊजींच्या तोंडावर राग नव्हता, काहीच नव्हतं.

मग ते विहिरीवर गेले, कुऱ्हाड स्वच्छ धुतली, आत येऊन फळीवर बराबर आपल्या आकारात टांगली. उंबऱ्यावर बसले. घटकाभरानं गोठ्याकडं बघून लेकरासारखे रडायला लागले आणि मला विचारायला लागले, वैनी, आमच्या चांदीला कुणी मारलं.

हे रानातून धावत आले. फळी काढायला मीच गेले तर मला दंडाला धरून मागं ओढलं. म्हणाले, आई आल्याबिगर कुणी हात लावायचा न्हाई, काढताना वस्तू हातातच येणार ना. स्वयंपाकघराच्या दारात बाज आडवी लावली. जेवणं अंगणात, तीन दगडांच्या चुलीवर. कुणी जेवलं नाही.

मंगळवार, १४ जानेवारी, संक्रांत

आत्याबाई दुपारी आल्या. फळी बघितली. मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्यांनी माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, चूक माझी, सव्वा महिना कशाला थांबले मी.

मग सांगितलं. आखाड्याची जागा ह्यांचे आजोबा उकंडराव यांनी भावाला मारून घेतली. झोपेत, कुऱ्हाडीनं. तेव्हापासून इथं झळ येते. ती कुणा एकाची नाही, घरातल्या कुणाच्याही मानेवर येते, रक्ताचा असो की बाहेरून आलेला. आली की माणूस राहत नाही, नुसता हात राहतो. सात गाठी सोडायला जेवढा वेळ लागतो तेवढीच टिकते आणि जाते. म्हणून गाठी. म्हणून किल्ली दुसऱ्याच्या घरी. चटका जाणवल्यावर हात काखेत घालायला क्षणभराची सवड मिळते, पण वस्तू हाताशी असली तर तेवढीही मिळत नाही. आणि ज्याच्या हातून एकदा घडलं, त्यानं माणसांत जायचं नाही, जायचंच झालं तर हात बांधून, कारण झळ त्याच्या मागं जाते. उकंडराव बाजारात गेले होते, तिथं त्यांच्या हातून दोन परकी माणसं मेली. म्हणून ही माणसं गावात राहत नाहीत.

शिलाचंही सांगितलं. विळी एकदा चुकून खालीच राहिली. तिचा कान आणि जबड्यापर्यंत गाल गेला. कुणी केलं असं मी विचारलं तर आत्याबाईंनी स्वतःचा उजवा हात पुढं केला. ह्याच हातानं संपीला खारीक दिली होती.

मी म्हटलं, आधी का नाही सांगितलं. म्हणाल्या, सांगितलं असतं तर पोरगी कोण देतं.

पुढचं लवकर लिहिते. ठरलं असं की हे एकेक वस्तू काढणार, जमिनीवर ठेवणार, आत्याबाई बांधणार. मी आणि संपी गच्चीवर. भाऊजी विहिरीपाशी. सात वस्तू निघाल्या. आठवा कोयता. तो हातात असतानाच ह्यांनी मान झटकली. आत्याबाई किंचाळल्या, झळ. ह्यांचा हात काखेत गेला नाही. आत्याबाई समोरच बसलेल्या, गाठ मारत. भाऊजी धावत आले आणि मधे पडले.

पहिला घाव खांद्यावर. दुसरा मनगटावर. भाऊजींचा पंजा शेडमध्ये फरशीवर पडला, बोटं थोडा वेळ मिटत होती. तिसरा घाव चुकला, बाजेत रुतला. ह्यांनी कोयता उपसला, धुतला, आकारात टांगला. मग शुद्ध आली.

ज्ञानबाकाकांच्या पिकअपमध्ये भाऊजींना हिंगोलीला नेलं. तिथून नांदेडला पाठवतायत असा फोन आला. कडबा कापायच्या यंत्रात हात गेला असं सांगितलंय. हे पण गेलेत. जाताना स्वतःचे दोन्ही हात टॉवेलनं बांधून घेतले, माझ्या डोळ्याला डोळा दिला नाही. तिळगूळ ताटात तसाच पडून आहे.

बुधवार, १५ जानेवारी, सकाळी

संपीला गच्चीवर कोंडलं आणि नऊच्या नऊ वस्तू विहिरीत टाकल्या. श्वास धरून. एकेक घेऊन पळत जायचं, टाकायचं, परत यायचं. फळी फोडून जाळली. जीव भांड्यात पडला.

आत्याबाईंना सांगितलं, आता घरात धार म्हणून उरली नाही. त्यांनी मान हलवली. स्वयंपाकघरात आल्या आणि माझी मांडणी बघत राहिल्या, ओळीनं टांगलेलं सगळं. म्हणाल्या, धारेचं नसतं गं पोरी. हातात येईल त्याचं असतं. तू तर सगळंच हाताशी ठिवलंस.

म्हणजे तो पसारा मुद्दाम होता. वळकटीतलं लाटणं, देव्हाऱ्यामागचा झारा. तीस वर्षं त्या बाईनं घर गैरसोयीचं ठेवलं होतं, मुद्दाम, रोज. मी दोन दिवसांत लावलं.

त्या म्हणाल्या, आत्ताच बांधायला घेऊ. मी म्हटलं, संपी कालपासून उपाशी आहे, चटणी वाटते, दोन घास खाऊ आणि मग

बुधवार, दुपारी

वरवंटा हातात होता.

मी वाटायला बसले होते. शेंगदाणे, लसूण. मान तापली. एवढंच आठवतं. उन्हात बसल्यासारखी तापली.

मग मी उभी होते. पाट्यावर शेंगदाणे. वरवंटा धुतलेला होता, ओला. जागेवर ठेवत होते मी. बराबर जागेवर.

आत्याबाई डब्यांपाशी पडल्या आहेत. तोंड ओळखू येत नाही. केस पांढरे होते. तुरीचा डबा सांडलाय, दाणे त्यांच्या—

त्यांनी हात काखेत घातले होते. त्यांनी स्वतःचे. म्हणजे त्यांनाही आली होती एकदम. त्यांनी आवरली. मला आवरली नाही.

ह्याच हातानं. माझ्या.

वाकळ टाकली अंगावर. संपी गच्चीवरून हाका मारते. भूक लागली म्हणते.

बुधवार, संध्याकाळी

पळून जायचं होतं. गेटपर्यंत गेले संपीला घेऊन. मग हात बघितला. तिचा हात माझ्या हातात. सोडला. जिच्या हातून घडलं तिनं माणसांत जायचं नाही. आणि संपी माणूसच आहे.

तिला परत गच्चीवर. बाहेरून कडी.

ह्यांना फोन लावला. लागत नाही. पोलिसांना लावायला घेतला. ते आले, जवळ आले, आणि तेव्हाच मान तापली तर? ठेवला.

गंगूताईला फोन केला. संपीला चार दिवस ठेव म्हटलं. का म्हणून विचारलं तिनं. मला सांगता आलं नाही. हो म्हणाली तरी. देवमाणूस.

ज्ञानबाकाका अजून नांदेडलाच आहेत, उद्या सकाळी येतो म्हणाले. ते संपीला परभणीला सोडतील. एवढं झालं की माझं काय व्हायचं ते होवो.

गुरुवार, १६ जानेवारी, सकाळी

आत्याबाईंना त्यांच्या खोलीत नेऊन निजवलं आणि स्वयंपाकघर रिकामं केलं. एकेक वस्तू बाहेर अंगणात. सगळी. झारा, सांडशी, तवा, डबे, बाटल्या, पाटा, वरवंटा. खिळेसुद्धा उपटले. अकरा फेऱ्या. आता खोलीत फक्त ओढून आणलेला लोखंडी पलंग आणि मी.

दोन्ही पाय पलंगाला बांधले. डावा हात गजाला. सुतळी, सात गाठी. दातानं आवळल्या. उजवा मोकळा ठेवावा लागला. त्यात पेन धरलंय. पेन धरलेला हात दुसरं काही धरत नाही. म्हणून लिहीत राहते. काहीही.

संपीला खाली आणायला लागलं, ज्ञानबाकाकांना ती गेटवर दिसली पाहिजे. बांधायच्या आधी आणलं. तिला सांगितलं, आईजवळ यायचं नाही. खेळ आहे. तू गेटवर बस. आजीच्या खोलीत जायचं नाही. ती झोपलीय.

आजीवर माशा काहून बसल्यात, विचारते.

साडेनऊ. काकांचा फोन. औंढ्याला पोचले. अर्धा तास.

दोनदा आली. मान तापली. हात गेला, पण काही सापडलं नाही. भिंतीवर आपटला नुसता. नखं निघाली दोन. गेली ती. जमतंय. हे जमतंय मला.

दहाला वीस कमी. गाडीचा आवाज आला वाटलं. नाही. कॅनॉलची मोटार.

संपी गेटवरून गाणं म्हणतेय. माझं लेकरू. वीस मिनिटं अजून. वीस मिनिटांनी ती या घरातून कायमची—

दारात आली. आत येऊ नको म्हटलं. ती म्हणते आई, माझ्या मानेला गरम लागून राहिलं.

ऊन असेल. सावलीत उभी आहे.

हात काखेत घाल. संपे, हात काखेत. आजी करायची तसं. घातले. घातले तिनं. शहाणी माझी. तसेच ठेव. मोज. आईबरोबर मोज. एक. दोन—

काढले.

अंगणात गेली. तिकडं नको. तिकडं सगळं— ओळीनं लावलंय मी. फेकलं नाही, लावलं. मोठं मागं, लहान पुढं. तिच्या उंचीला—

गाठी. पेन सोडू का. सोडलं तर हात मोकळा. आणि मान माझीही— थोडी—

पहिली सुटली. दातानं. दुसरी

आली. दारात. तोंडावर काही नाही तिच्या. हातात

संपे, ठेव. आई सांगते. ठेव बाळा ते, ठे